चाकाखालचा देव

चढावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या मागनं मला आजही जाववत नाही. एसटी असो नाहीतर बैलगाडी, मी लांबून वळसा घालते. नातवंडं हसतात. हसू देत बापडी, त्यांनी आमची गाडी कुठं बघितलीय!

बहात्तरच्या दुष्काळाआधी आमच्या मालकांनी नगरहून एक जुनी गाडी आणली. पुढं बसायला जागा, मागं उघडा हौदा. कागदावर ती पिकअप होती, वाडीत सगळे टेंपोच म्हणायचे. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून कुणीतरी तिच्यात दुसऱ्या गाडीतलं डिझेलचं इंजिन बसवलं होतं. डिझेल स्वस्त, म्हणजे गाडी फुकटात पडली, असं मालकांचं म्हणणं. खर्ड्याच्या बाजाराला लोकांच्या शेळ्या, पोती पोचवून जे हातात यायचं ते आठ दिवसांत तिच्याच पोटात जायचं. आज नोझल, उद्या टायर, परवा ब्रेकचं तेल. जामखेडचा मिस्त्री आमच्या जिवावर जाडा झाला, असं मी तोंडावर म्हणायचे आणि मालक दोन-दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत.

बॅटरी तर मेलेलीच होती. नवी घ्यायची तर म्हैस विकावी लागली असती आणि म्हशीचं नाव काढलं की सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, अन्नावरनं उठायच्या. मग गाडी कायम उतारावर लावायची. निघताना सोडून द्यायची, घरंगळत वेग आला की गिअरात टाकायची, की इंजिन धरायचं. हातब्रेक नावाला होता. म्हणून चाकाखाली दगड लागायचा आणि तो लावायचं, काढायचं काम माझ्याकडं. काळा, बुडाला सपाट, एका अंगाला उतरता असा चांगला दगड होता. गोल दगडाला चाक ढकलून देतं, हा मात्र जागचा हलायचा नाही. एकदा गाडी सुटून गोठ्याकडं निघाली होती, ती यानंच अडवली. म्हैस वाचली. झालं, त्या दसऱ्याला आत्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि दगडाला शेंदूर फासून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. खरी राखण हाच करतो, म्हणाल्या. आता देव चाकाखाली कोण घालणार? मालकांनी गुपचूप बाभळीचा ठोकळा तोडून आणला. घरी चाकाला मोठा धोंडा लावायचा, ठोकळा वाटेपुरता, रात्री मी तो घरात आणून ठेवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली. विहिरी आटलेल्या, अर्धी वाडी खडी फोडायला गेलेली. रात्रभर कळा देऊन ती निळी पडली आणि सकाळी सुईणीनं हात टेकले. मूल आडवं आहे, म्हणाली, जामखेडच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोघंही हाती लागायची नाहीत.

घरात एकच धावपळ उडाली. सुईणीनं गरम पाणी मागितलं, सरपण संपलेलं. हाताला लागलं ते मी चुलीत सारलं आणि निघाले. हौद्यात गोधड्या टाकून वन्संना निजवलं. उशाशी आत्या बसल्या, पदराखाली काहीतरी घट्ट धरून. देव बरोबर घेतलाय हे मला शेंदराच्या वासावरनंच कळलं. मी वन्संच्या शेजारी बसले. तीन-चार मैल गेल्यावर सवयीनं माझा हात कोपऱ्यात ठोकळा चाचपायला गेला आणि रिकामाच परत आला.

सकाळी चुलीत मी सारलं ते काय होतं, हे मला तेव्हा आठवलं.

सांगायचं कुणाला? मालकांना हाक मारावी तर ते गाडी थांबवणार, आणि थांबवली की ती पुन्हा सुरू होणार नाही. वन्संनी माझा हात धरलेला, कळ आली की त्यांची नखं माझ्या मनगटात रुतायची. मी मनात म्हणत होते, बाई गं, आज तेवढी चाल. मला देवाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून मी गाडीलाच विनवत होते.

ओढ्यावरचा पूल ओलांडून चढ लागला. त्या पुलाला कठडा नव्हता. अर्ध्या चढावर इंजिननं दोन गचके दिले, काळा धूर सोडला आणि बंद पडलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती, हे दुखणं तिचं जुनंच. गाडी क्षणभर थांबली आणि मागं सरकायला लागली. मालक ब्रेकवर पाय आपटत होते, तो तळाला जाऊन बसत होता.

"ठोकळा लाव!" ते ओरडले.

मी उडी मारली. हात रिकामे. रस्ता झाडल्यासारखा साफ, नेमका तिथं खडा दिसेना. मागं पूल, पुढनं गाडी माझ्या अंगावर येतेय आणि मी नुसती उभी. तेवढ्यात हौद्यातनं आत्या वाकल्या आणि तो शेंदराचा दगड त्यांनी माझ्या हातात दिला.

"लाव," म्हणाल्या. "बघत काय बसलीस?"

मी लावला. चाक त्याच्यावर चढल्यासारखं झालं, कर्र वाजलं आणि थांबलं.

मालकांनी फिल्टरचा स्क्रू ढिला करून छोटा पंप दाबायला घेतला. बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत दाबायचं असतं. घाईत स्क्रू त्यांच्या हातातनं दोनदा धुळीत पडला. ठोकळ्याचं त्यांनी विचारलंच नाही. पण खरी भीती पुढंच होती. चढावर ढकलायला माणूस नाही, बॅटरी नाही. आता एकच मार्ग, गाडी मागंच सोडायची आणि उलट्या गिअरात धरायची. पुलाच्या अलीकडं धरली तर धरली. वन्संना उतरवू म्हटलं तर त्यांना हलवताच येईना.

"दगड काढ," मालक आत बसून म्हणाले.

लावताना विचार करायला वेळच नव्हता. काढताना होता. माझे हात दगडावर होते आणि उचलत नव्हते. दोन जीव मी माझ्या हातानं ओढ्यात ढकलतेय असं वाटत होतं. सकाळी लाकूड बघून चुलीत घातलं असतं तर! मी रडायला लागले.

वन्संनी हौद्यातनं मान वळवली. "वहिनी, काढा. मला लई येळ धीर धरवणार न्हाई."

मी काढला. गाडी मागं सुटली. मी दगड छातीशी धरून चढावर उभी, आणि ती माझ्यापासनं लांब लांब चाललेली. डोळे मिटायचं धाडसही होईना. पुलाच्या तोंडाशी तिनं एक हिसका दिला, थरथरली आणि धडधडायला लागली.

जामखेडला डॉक्टरीणबाईंनी वन्संना आत घेतलं. आम्ही दोघी पायरीवर बसलो. दगड अजून माझ्याच मांडीवर होता, शेंदरावर टायरची काळी नक्षी उठलेली. ऊन कलल्यावर आतनं बारीक रडणं ऐकू आलं. आया बाहेर येऊन म्हणाली, मुलगी झाली, आई शुद्धीवर आहे. तेव्हा माझा बांध फुटला. ठोकळा मीच जाळला, मी आत्यांना सांगून टाकलं. देवाला टायरखाली घालायची वेळ माझ्यामुळं आली, आता काय शिक्षा द्यायची ती द्या, म्हटलं.



"ठोकळा जळताना म्या बघितला हुता," आत्या म्हणाल्या. "ओढून काढला तर निम्मा कोळसा झालेला. तुला बोलले असते तर तू तिथंच मटकन बसली असतीस. म्हणून तर म्या दगड घेतला."

दसऱ्यापासनं त्या दिवशी पहिल्यांदा त्या त्याला दगड म्हणाल्या.