नायगावची सुटकेस आणि पिवळी पट्टी

"ताई, ती आपलीच हाय," गौतम सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

समोर बुटांच्या दुकानाबाहेर, कचऱ्याच्या डब्याला टेकून एक जुनी निळी सुटकेस उभी होती. तिच्याभोवती पिवळी पट्टी लागली होती. दोन सिक्युरिटी गार्ड लोकांना मागं सारत होते. आजूबाजूच्या चार दुकानांतली गिऱ्हाइकं बाहेर काढली होती.

"सर, पासपोर्ट कुठं आहेत?"

सरांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग त्यांचा चेहरा उतरला.

"चोरकप्प्यात. दोघांचे बी."

"कोणत्या बॅगेच्या?"

त्यांनी पिवळ्या पट्टीकडं बोट केलं.

दुपारचे पावणेदोन वाजले होते. साडेसातला न्यूयॉर्कहून आमचं परतीचं विमान होतं.

मी टूर मॅनेजर आहे. राहते लातूरला, कंपनी नांदेडची. त्या वेळी माझ्याबरोबर सव्वीस प्रवासी होते. नांदेड, लातूर, बिलोली, मुरुड असे कुठून कुठून आलेले. अमेरिकेच्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी आम्ही नेहमी आउटलेटला थांबतो. आउटलेट म्हणजे आपल्याकडच्यासारखा चार मजली मॉल नव्हे. शहराबाहेर, हायवेच्या कडेला, उघड्यावर वसवलेली अख्खी बाजारपेठ. मोठ्या कंपन्या मागच्या सीझनचा माल तिथं स्वस्तात काढतात. टूरवाल्यांच्या बसगाड्या रांगेनं लागतात. बारा दिवस धबधबे आणि पुतळे बघून कंटाळलेला माणूस तिथं उतरला की त्याच्या पायात वारं शिरतं.

गौतम सर नायगावचे निवृत्त मुख्याध्यापक. बरोबर त्यांच्या पत्नी कमलबाई. सकाळी चौकशीच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून प्रवाशांसाठीचं डिस्काउंट कूपन घ्यायचं असतं. ते सरांनी सगळ्यांत आधी घेतलं. मग मला म्हणाले, "ताई, बॅगेचं चाक मोडलंय. नवी घ्यावी म्हणतो. जुनी संगं नेऊन माप बघू का?"

सामान बसच्या पोटात असतं. ते विमानतळावरच काढायचं, असा आमचा नियम आहे. पण सर बारा दिवसांत एकदाही उशिरा आले नव्हते. मी कार्लोसला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, दार उघडायला लावलं.

सरांनी पासपोर्ट सवयीनं जुनीच्या चोरकप्प्यात ठेवले आणि नवी लाल सुटकेस घेतली. बाकावर बसून दोघांनी सगळे कपडे नवीत भरले, चोरकप्पा तेवढा विसरले. जुनी कुलूप लावून डब्याशेजारी ठेवली, नवी बसमध्ये टाकली आणि कमलबाईंसाठी स्वेटर बघायला गेले. इतकंच. पण त्या देशात बेवारस बॅग म्हणजे पोलीस केस. त्यात ही नायलॉनच्या दोरीनं बांधलेली, आणि वर पांढऱ्या ऑइलपेंटनं, कोणालाच न कळणाऱ्या लिपीत काहीतरी लिहिलेलं.

मी पट्टीजवळ गेले. "ती बॅग आमची आहे. आत पासपोर्ट आहेत."

"मागं व्हा, मॅम. पोलीस येत आहेत."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मागं व्हा, मॅम."

तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही. नांदेडला मालकांना फोन लावला. मुजीबभाई तीस वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पासपोर्ट न्हाई तर विमान न्हाई, बेटा. वकिलातीत जावं लागंल. आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग सोमवारशिवाय काही व्हत न्हाई. तू त्या दोघांसंगं थांब. बाकीच्यांना चढवून दे."

"आणि दुबईला विमान बदलताना? निम्म्या लोकांना इंग्रजी येत नाही."

त्यांनी विचारलं, "बस कवापर्यंत थांबंल?"

कार्लोसनं आधीच सांगितलं होतं. तीनला निघायचं, फार तर साडेतीन. त्यानंतर शुक्रवारचा ट्रॅफिक लागला की विमानतळावरचं काउंटर बंद व्हायच्या आत पोचायची खात्री नाही.

"साडेतीन," मी म्हणाले.

"मग साडेतीनपर्यंत लढ."

सगळ्यांना बसमध्ये बसवलं. हेडकाउंट घेतला, म्हणजे डोकी मोजली. चोवीस. दोघं बाहेर. मुरुडच्या सुलोचनाकाकू, ज्यांचं गावात कापडदुकान आहे, त्या दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, मास्तरांना सोडून आम्ही न्हाई हलणार."

"काकू, वेळ झाली तर हलावंच लागेल."

"आमी संगं आलो, संगंच जाणार. ड्रायव्हरला सांगा तसं."

मी सांगितलं नाही. पण खरं सांगते, परत पट्टीकडं पळताना पायात बळ आलं.

अडीचला पोलीस आले. एक उंच बाई ऑफिसर आणि वास घेणारं कुत्रं घेऊन एक जण. आम्हाला आणखी मागं ढकललं. कमलबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. कुत्र्यानं सुटकेसला एक फेरी मारली. दुसरी मारली. खालच्या कोपऱ्याशी थांबलं, नाक खुपसलं आणि दोनदा जोरात शिंकलं.

"आत काय आहे?" ऑफिसरनं लांबूनच विचारलं.

मी सरांकडं बघितलं. सर कमलबाईंकडं.

"शेंगदाण्याची चटणी," कमलबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "लसणाची. पुडा फुटला व्हता म्हणून त्यातच ठिवला."

मी भाषांतर केलं. कुत्रेवाल्यानं मान हलवली: काही नाही. पण ऑफिसर बॅग द्यायला तयार नव्हती. "कोणीही येऊन माझी आहे म्हणेल. कुलूप आहे. किल्ली?"

किल्ली नव्या सुटकेसमध्ये, आणि ती बसच्या पोटात. तीनला पाच कमी होते. मी पळणार, तेवढ्यात सर पुढं झाले.

"ताई, त्यांना म्हणा, बॅगेवर काय लिवलंय ते मी लिवून दाखवतो. अक्षर जुळवून बघा."

ऑफिसरनं वही दिली. सरांनी चष्मा नीट केला आणि फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत लिहिलं. आपलं नाव, खाली 'मुख्याध्यापक', त्याखाली 'नायगाव'. 'ध्या'ची गाठ, 'व'चा पोकळ गोल, आणि शेवटी खाली मारलेली आडवी रेघ. ऑफिसर वही घेऊन सुटकेसजवळ गेली. एकेक अक्षरावर बोट ठेवून बघत होती. एकदा वहीत, एकदा पेंटमध्ये. तिला त्यातलं काहीही वाचता येत नव्हतं. मला वाटतं, इतकं मन लावून सरांचं अक्षर कोणी तपासलं नसेल.

ती वळली तेव्हा हसत होती. "हाच माणूस आहे."

किल्लीची वाट न बघता त्यांनी कुलूप कापलं. चोरकप्प्याची चेन उघडली. चटणीच्या भुग्यात माखलेले दोन निळे पासपोर्ट बाहेर आले. तिनं फोटो बघितला, सरांकडं बघितलं आणि पासपोर्ट झटकून त्यांच्या हातात दिले. मी तिथंच ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण गार्डही दचकले. कमलबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

मग रिपोर्ट लिहिण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी सही झाली आणि ऑफिसरनं वही परत सरांपुढं केली. "माझं नाव लिहाल तुमच्या अक्षरात? मॅगी." मी घड्याळाकडं बघत होते. सरांनी मात्र सावकाश लिहिलं, खाली रेघ मारली आणि तिला 'मॅ'चा उच्चार दोनदा म्हणायला लावला.

आम्ही बसपाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. सुलोचनाकाकू अजून दारातच होत्या, म्हणजे दार बंद करायची सोयच नव्हती. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी 'मास्तर की जय' केलं. कार्लोसला काही कळलं नाही, त्यानंही हॉर्न वाजवला. पुढं रस्त्यात ट्रॅफिक लागलाच. काउंटर बंद व्हायला बारा मिनिटं असताना आमचा शेवटचा माणूस रांगेत उभा राहिला. सव्वीसच्या सव्वीस जण बोर्ड झाले.

मुजीबभाईंना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास. पण बॅग खाली काढू कुणी दिली?"

"मीच," मी म्हणाले.

प्रवाशाला नाही म्हणायला दहा सेकंद लागतात. मी ते दहा सेकंद वाचवले आणि पावणेदोन तास घालवले. आता 'नाही' म्हणते. लोक थोडा वेळ नाराज होतात, मग दुकानात शिरतात.