देवमाशाचे गोचीड

इरा, निहार, कुणाच्याही घरी गेल्यावर माणसांआधी गोठ्याची विचारपूस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझे धाकटे दीर, तुमचे आप्पाआजोबा. तुम्ही पाठवलेले फोटो ते हल्ली का बघत नाहीत, असं परवा फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते. पण आधी देवमाशाची गोष्ट सांगायला हवी. तुम्ही तेव्हा लहान होतात, आईजवळ किनाऱ्यावर थांबला होतात.

आप्पांचा हात जनावराला लागला की आपोआप गोचीड शोधू लागतो. वडगाव रासाईच्या आमच्या गोठ्यात ते ठीकच. पण कारेगावला मुलासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा चहा येईपर्यंत यजमानांचं कुत्रं पायाशी घेऊन त्यांनी साफ करून टाकलं. मुलीच्या वडिलांनी भीतभीत पसंतीचं विचारलं, तर म्हणाले, "गुणाचं हाय, पर कुणी लक्ष देत न्हाई त्याच्याकडं." लग्न तरीही जमलं.

मग त्यांना काचबिंदू निघाला. उरलेली नजर फार टिकणार नाही, असं दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरात सगळे रडवेले झाले आणि हे मला म्हणाले, "वहिनी, हत्ती बघून झालाय. दिसतंय तवर त्याच्याहून मोठं जनावर एकदा बघून घ्यावं म्हंतो." तुमच्या बाबानं हे मनावर घेतलं आणि आम्हाला तुमच्याकडे बोलावून थेट मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीत नेलं. राखाडी देवमाशांच्या माद्या तिथं विण्यासाठी येतात.

होडी आपल्या भीमेतल्या नावेएवढीच. बरोबरचे पर्यटक पाण्यावर हात आपटून देवमाशांना बोलावत होते. आप्पा खवळले. "अहो, बाळंतीण हाय ती! कालवा कशापायी?" बाबानं हे पर्यटकांना समजावलं, त्या बिचाऱ्यांनी हात आपटणं थांबवलं, आणि पिल्लासकट जवळ येणारी मादी वळून शेजारच्या गोंगाट करणाऱ्या होडीकडे गेली.

"आता हो, भावोजी?" मी विचारलं.

"रुसली जणू," ते पुटपुटले. नावाडी परत फिरायच्या तयारीला लागला. आप्पा डोळे ताणून पाण्याकडे बघत होते. इतकं केविलवाणं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात होडीखालचं पाणी काळवंडलं. होडीहून कितीतरी लांब असं ते अंग जराही आवाज न करता आमच्या शेजारी वर आलं, मागोमाग पिल्लू. तिच्या एका फूत्कारानं आम्ही चिंब झालो. मी नकळत हात जोडले. आप्पांनी हात पुढे केला. तिच्या अंगभर शिंपल्यांसारखे कठीण जीव चिकटले होते. "अगं बया, केवढालं गोचीड!" म्हणत ते एक उपटूही लागले. नावाडी ओरडला. बाबानं त्यांचं मनगट धरलं. "आप्पा, गोचीड नाहीत ते! काढायचे नसतात!"

"मग खाजवू तरी का?"

बाबानं विचारलं. नावाडी हसला आणि त्यानं मान डोलावली.

गाईचा गळा खाजवावा तशी आप्पांनी तिची हनुवटी खाजवली. ती सावकाश कुशीवर वळली आणि तिचा डोळा पाण्याबाहेर आला. मुठीएवढा, तपकिरी, शांत.

"वहिनी," आप्पा हळूच म्हणाले, "मी हिला बघाया आलो, आन् हीच मला बघतीया."

नजर गेल्या दिवाळीत पूर्ण गेली. आप्पा त्याबद्दल बोलत नाहीत. शिरूर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मात्र मला बरोबर घेऊन जाऊन बसतात. तो ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यात बुडवतो, तेव्हा हे ओल्या रबरावर तळवा ठेवतात. "अशीच व्हती, वहिनी. फकस्त ही बघत न्हाई."

गोठ्यातल्या गाईंचे गोचीड अजून तेच काढतात, हातानं चाचपून.