लोखंड बाहेर ठेवावे

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. फणस खाताना आठळ्या कोपऱ्यात टाकाव्यात आणि श्रावणात बघावं तर टोपलीभर निघाव्यात, तसं ते होतं. दातार मास्तरांच्या बाबतीत आमचं हेच झालं. आज टोपलीत हात घालतो आणि येतील तेवढे काढतो.

दातार मास्तर म्हणजे रत्नागिरीला आमच्या हायस्कुलातले सायन्सचे शिक्षक. काळ एकोणीसशे तिसाच्या आसपासचा. मी तिथेच गणिताचा दुय्यम मास्तर होतो. शाळा सुटली की बाकीचे शिकवण्या करत, नाहीतर पत्ते कुटत. दातार मास्तर दगडांतलं चुंबकत्व मोजत. आपल्या पगारात, आपल्या परसात, आणि कोणी विचारलेलं नसताना.

*

सुरुवात झाली मांडवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूपासून. मास्तर संध्याकाळी दोरीला लोहचुंबक बांधून तो वाळूतून ओढत चालायचे. मान खाली, चाल सावकाश. काहीतरी हरवलंय असं समजून किनाऱ्यावरचे मासेमार खारवी तीन दिवस त्यांच्याबरोबर वाळू चाळत हिंडले. कोकणात मदत आधी करतात, चौकशी मागाहून.

चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्याला राहवेना. "मास्तर, काय हरावलंय ता तरी सांगा."

"अजून सापडलेलंच नाही," मास्तर म्हणाले, "मग हरवलं कसं म्हणू?"

आणि त्यांनी चुंबकाला चिकटलेली काळ्या कणांची दाढी म्हाताऱ्याला दाखवली. म्हाताऱ्याने ती बोटाने चाचपून पाहिली. आठ दिवसांनी तो होडीतून केळशीची वाळू पंच्यात बांधून घेऊन आला. म्हणाला, "ही पन बगा. हिला मागं ठेवू नका."

*

वाळूवरून मास्तर जांभ्यावर गेले. जांभा दगड म्हणजे आमच्याकडे घर, विहीर, कुंपणाचा गडगा, पायरी, सगळंच. त्याच्यात लोखंडाचा अंश असतो म्हणून तो लाल. मास्तर त्याची पूड करायचे, करवंटीच्या कोळशाबरोबर मडक्यात घालून तोंड मातीने बंद करायचे आणि मडकं निखाऱ्यात पुरायचे. आत गेलेली लाल पूड काळी होऊन बाहेर यायची आणि चुंबकावर उडी घ्यायची. आधी जी जागची हलत नव्हती, ती!

निखारे अर्थात काकूंच्या चुलीतले. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. रविवारी मी जेवायला गेलो तर पानं मांडलेली आणि चूल अडलेली. काकू शांतपणे म्हणाल्या, "बसा थोडं. आमच्याकडे दगड आधी शिजतात, भात मागाहून."

पण मडक्याचं तोंड लिंपायला मास्तरांना कधी जमलं नाही. ते काकूच लिंपायच्या. काकूंनी लिंपलेलं मडकं एकदाही तडकलं नाही.

*

मास्तरांकडे विलायतेचं एक मासिक टपालाने यायचं. त्यात त्यांनी वाचलं की पारा अतोनात थंड केला तर तो विजेला मुळीच अडवत नाही. एकदा सोडलेली वीज त्याच्यात आपली आपण फिरत राहते. हे आम्हाला सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. आपला काळा कणसुद्धा थंडीत कसा वागतो, हे पाहिलंच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

थंडी आणायची कुठून? रत्नागिरीत उन्हाळा आणि पावसाळा. मग मुंबईहून बोटीने बर्फ मागवला, भुशात घालून, लाकडी पेटीत. पेटी उतरवून घ्यायला बंदरावर गेला धोंडू सुतार. हा मास्तरांचा उजवा हात. धोंडू दुपारी पेटी खांद्यावर घेऊन आला, अंगभर भिजलेला.

"मास्तर, प्येटी आली," तो म्हणाला. "भुसा हाय, पानी हाय. बरफ तेवडा वाटंत जयगडला उतारला."

आम्ही हसून लोळलो. मास्तरांनी मात्र त्या पाण्यात थर्मामीटर बुडवला आणि आकडा वहीत लिहिला. म्हणाले, "बर्फ आला असता तरी काय होतं? त्या पाऱ्याला जी थंडी लागते, तिच्यापुढे बर्फ म्हणजे आपली चूल." मग थर्मामीटर पुसत म्हणाले, "पण बघायला हवं होतं हो." ते त्यांचं म्हणणं मला अजून टोचतं.

*

मोजण्याची रीत साधी होती. रेशमाच्या धाग्याला चुंबकाची सुई टांगायची, जवळ दगड ठेवायचा, सुई किती वळते ते पाहायचं. मात्र आसपास लोखंड असेल तर सुई भलतंच सांगते. म्हणून मास्तरांना परसात बिनलोखंडी खोपी, म्हणजे छोटीशी झोपडी, हवी होती. एकसुद्धा खिळा नको.

धोंडूला हे सांगताना मास्तर अवघडले होते. धोंडू म्हणाला, "खिळा म्हंजे ज्याला सांदा जमत नाय त्याची काठी." त्याने लाकडी खुंट्या आणि काथ्या यांवर अख्खी खोपी उभी केली. तिच्यासारखं सुबक काम मी पुन्हा पाहिलं नाही.

दाराबाहेर एक बाक ठेवला आणि बाकाच्या पाठीला पाटी लावली, 'लोखंड बाहेर ठेवावे'. धोंडू कमरेची कोयती काढून ठेवायचा, मी किल्ल्या आणि छत्री, काकू केसांतले आकडे.

एकदा शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टर खोपी बघायला आले. त्यांचे बूट खिळ्यांचे, ते काढले. चाकू काढला. तरी सुई थरथरतच होती. शेवटी पट्ट्याचं बक्कल निघालं. साहेब एका हाताने विजार धरून अर्धा तास उभे राहिले आणि म्हणाले, "दातार, तुमच्या सुईला अजून काय काढून हवंय?"

शेरा मात्र त्यांनी उत्तम लिहिला.

*

चार वर्षांची रीडिंगं जमली. मास्तरांनी निबंध लिहून मुंबईच्या एका मोठ्या प्रोफेसरांना पाठवला. उत्तर आलं की मी स्वतः येऊन पाहतो, आकडे खरे असतील तर छापण्याचं मी बघतो. गावाने मास्तरांना 'दगडमास्तर' म्हणून चिडवलं होतं. आता त्यांचं नाव छापून येणार होतं. त्या आठवड्यात मास्तर वर्गात गाणं गुणगुणले, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

प्रोफेसर यायच्या दोन दिवस आधी, त्यांना उभं राहायला जागा व्हावी म्हणून धोंडूने सुईचं स्टूल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं. मास्तरांनी नेहमीचा दगड ठेवला. रीडिंग भलतंच. पुन्हा ठेवला. तेच.

आम्ही लोखंड शोधू लागलो. माझी बंडी गेली, गुंड्यांच्या संशयावरून. काकूंनी सगळे केस मोकळे करून दाखवले. धोंडू लंगोटीवर आला आणि म्हणाला, "आता हाडं तेवडी उरली, मास्तर." सुई ऐकेना.

काकू उंबऱ्यावर टेकल्या होत्या. त्यांनी जमिनीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, हे जोतं कशाचं आहे?"

जोतं जांभ्याचं होतं. चुंबकावर उडी न घेणारा कच्चा जांभाही नाजूक सुईला वळवतो, आणि प्रत्येक चिऱ्यात लोखंड कमीजास्त, म्हणून जागा बदलताच आकडा बदलला. खोपी बांधायची तर आधी जांभ्याचं जोतं, याच्यावर आमच्या मुलखात कोणी विचारच करत नाही. केसांतले आकडे बाहेर ठेवले, आणि जो दगड मोजायचा त्याच्याच ढिगावर बसून चार वर्षं मोजत राहिलो.

मास्तरांनी वही मिटली. मी म्हणालो, "स्टूल पूर्वीच्या जागी ठेवू या. आकडे जुळतील. कोणाला कळतंय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला त्या सल्ल्याची आजही लाज वाटते.

*

प्रोफेसर बोटीतून उतरून परसात आले तेव्हा तिथे खोपी नव्हतीच. धोंडूने खुंट्या काढून ती अलगद बाजूला मांडून ठेवली होती, आणि आम्ही चौघं जोत्याचे चिरे उपसत होतो. काकूसुद्धा, पदर खोचून.

मास्तरांनी हात पुसले आणि वही पुढे केली. चार वर्षांच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारलेली होती. खाली कारण लिहिलं होतं, आणि ते कोणी शोधलं तेही, 'आमच्या घरातून', म्हणजे काकूंनी.

प्रोफेसरांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वही चाळली. मग विचारलं, "आता काय करणार?"

"पुन्हा. पहिल्यापासून."

"चार वर्षं?"

"पावसाळे धरले तर पाच."

प्रोफेसरांनी खाली वाकून बूट काढले. खिशातलं घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, आणि पाटी वाचत सगळं बाकावर ओळीने ठेवलं, कोयतीच्या आणि आकड्यांच्या शेजारी. खोपीच नव्हती, सुईही नव्हती, पण त्यांना कोणी थांबवलं नाही.

धोंडूने चिऱ्याचं एक टोक उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे मान केली. "धरा, सायेब. खालनं धरा."