हस्कींच्या मागावर

दोन हस्की आमच्या घरी आले ते २०२० च्या उन्हाळ्यात. आमच्याच वसाहतीतल्या एका कुटुंबाने ते पिल्लं असताना हौसेने आणले होते. आता त्या लोकांना डब्लिनला फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं आणि तिथे कुत्रे चालत नव्हते. कुणी घेतलं नाही तर कोंडवाड्यात द्यावे लागतील, असं त्या घरच्या बाईने मला फुटपाथवर उभ्या उभ्या सांगितलं. मी ते बायकोला निव्वळ बातमी म्हणून सांगितलं. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती. बूट काढता काढता म्हणाली, "घेऊया. तू दिवसभर एकटाच असतोस."

ते खरं होतं. ती डब्लिनजवळच्या नावन गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि मी तिच्या व्हिसावर तिच्यामागून आलेला नवरा. सांगलीला मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचो आणि इथे आल्यावरही त्यांचंच काम कॉम्प्युटरवर करत होतो. लॉकडाउनमध्ये तिकडची बांधकामं थांबली, तसं माझंही काम थांबलं. डॉक्टर बायकांच्या माझ्यासारख्या नवऱ्यांना मराठी मंडळींच्या जेवणांत 'आणि तुम्ही काय करता?' असं दोनदा विचारतात, कारण पहिलं उत्तर कुणाच्या लक्षात राहत नाही. आता सांगायला निदान कुत्रे होते.

एक राखाडी, मोठा, एक डोळा निळा आणि एक तपकिरी. दुसरी काळी-पांढरी, अंगाने बारीक, पण ताकदीने त्याच्या वरताण. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटी म्हणायचो. पहिल्या आठवड्यात त्यांनी सोफ्याचं एक टोक खाल्लं आणि मागच्या हिरवळीत गुडघाभर खड्डा खणला. ते भुंकायचे नाहीत. मान वर करून लांब, चढत जाणारा सूर लावायचे, आधी ती, मग तो. मला वाटलं, शेजारी तक्रार करणार.

कुंपणाच्या भिंतीवरून डोकावल्या त्या पलीकडच्या घरातल्या बाई. वय सत्तरीच्या पुढे. मूळच्या फिनलंडच्या, इथल्या एका माणसाशी लग्न करून तरुणपणी आलेल्या, आणि तो वारल्यावरही इथेच राहिलेल्या. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये असं सरकारने सांगितल्यापासून वसंत ऋतूभर त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

"रडत नाहीयेत ते," बाई म्हणाल्या. "काम मागताहेत."

"कसलं काम?"

"ओढायचं. बर्फावरून घसरगाड्या ओढणारी जात ही. त्यांना दुसरं काही येत नाही."

लहानपणी त्यांच्या घरी असेच कुत्रे होते आणि हिवाळ्यात शाळेला त्या स्कीवरून जायच्या. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, आपण सायकलवरून जायचो म्हणून सांगतो तसं. त्यांच्या सांगण्यावरून मी कुत्र्यांसाठी छातीचे पट्टे मागवले, माझ्यासाठी कमरेचा रुंद पट्टा आणि मध्ये ताणली जाणारी दोरी. घरापासून पाच किलोमीटरच्या आतच राहायचं, असा त्या काळात बराच वेळ नियम होता. त्या पाच किलोमीटरांत बॉइन नदीच्या काठाने जाणारी जुन्या कालव्याची पायवाट होती. सकाळी लवकर तिथे कुणी नसायचं. मी कुत्र्यांमागे धावायचो. म्हणजे ते धावायचे आणि मी पडू नये म्हणून पाय टाकत राहायचो. पुढे पुढे बाईही येऊ लागल्या. माझ्यापासून चार हात लांब, हातात काठी, आणि मागून सूचना.

"मागे झुका! कमरेने ओढू द्या, खांद्याने नाही!"

'चला' हा शब्द कुत्र्यांनी पहिल्या दिवशी उचलला. 'थांब' त्यांनी कधीच उचलला नाही.

पायवाटेच्या एका बाजूला मेंढ्यांची शेतं होती. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मेंढ्या दिसल्या आणि हे सुटले, तर शेतकरी गोळी घालेल, आणि त्याचं चुकणारही नाही. काही झालं तरी दोरी सोडायची नाही."

नाताळनंतर हॉस्पिटलं भरली. बायको वरच्या छोट्या खोलीत राहायला गेली. माझ्यामार्फत बाईंपर्यंत काही पोचायला नको, असं तिचं म्हणणं होतं, आणि कुत्र्यांना फिरवणारा मी आजारी पडलो तर त्यांचं कोण बघणार, असंही. मी ताट दाराबाहेर ठेवून जिन्याच्या पायरीवर बसायचो. ती दार उघडून आत जमिनीवर बसून जेवायची. आधी आम्ही जेवताना बोलायचो. जानेवारी सुरू झाल्यावर ती नुसती जेवायची. भाजीत मीठ कमी असलं तरी सांगायची नाही. मी विचारायचो, "आज कसं होतं?" ती म्हणायची, "होतं." मग मीही विचारायचं सोडलं.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी सकाळी उठलो तर बर्फ पडलेला. नावनमध्ये बर्फ म्हणजे बहुतेक गाड्यांच्या टपांवर पिठीसाखर भुरभुरावी तेवढाच. त्या दिवशी तो घोट्याच्या वर होता. कुत्रे मागच्या दारात थरथरत उभे होते. मी त्यांना घेऊन बाहेर आलो, तर बाई आपल्या शेडमधून दोन जोड लाकडी स्की ओढून बाहेर काढत होत्या. एक त्यांचा, एक त्यांच्या नवऱ्याचा.

नवऱ्याचे बूट मला दोन बोटं मोठे होते. तीन मोजे चढवले. पायवाटेच्या सुरुवातीला, जिथे गाड्या लावतात तिथल्या मोकळ्या जागेत, बाईंनी मला उभं केलं. मी कुत्र्यांना दोरी जोडली, 'चला' म्हणालो आणि तोंडावर पडलो. उठलो, पुन्हा पडलो. तिसऱ्या वेळी थोडा पुढे गेलो आणि मग झुडपात गेलो. तो थोडाच वेळ मात्र अंगात राहिला आहे. पायांखाली काही आवाज नाही, आपण काही करत नाही आणि तरी झाडं मागे जाताहेत.

झुडपातून बाहेर येतो तो समोर बायको. रात्रपाळी करून आली होती. गाडीतून आम्हाला पाहून उतरली. अंगात जाड कोट, तोंडावर मास्क. आमच्यापासून चांगली लांब उभी राहून ती माझ्या गुडघ्यांना लागलेला चिखल पाहत होती.

बाईंनी तोवर स्वतःचे स्की पायात चढवले होते. त्यांनी माझ्याकडे हात केला. "पट्टा द्या."

बायको म्हणाली, "तुम्ही नका जाऊ. प्लीज. तुम्ही पडलात तर आत्ता हॉस्पिटलात तुम्हाला ठेवायला पलंग नाही. मी तिथूनच येतेय."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि पट्टा कमरेला आवळला. "या गावात असा बर्फ मी किती तरी वर्षांत पाहिला नाही. जुन्या पुलापर्यंत जाते आणि येते." मग कुत्र्यांकडे वळून बाईंनी स्वतःला येणारा एकुलता एक मराठी शब्द उच्चारला. "चला!"

त्या गेल्या. पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, हातांतल्या काठ्या आळीपाळीने पुढे. वळणावर दिसेनाशा झाल्या. बायको मला म्हणाली, "तू थांबवायचं नाहीस?"

"तुझं ऐकलं नाही त्यांनी. माझं ऐकतील?"

पूल तिथून लांब नाही. आम्ही वाट पाहिली. मी हात चोळत राहिलो, ती गाडीला टेकून उभी राहिली. बाई परत यायला हव्या होत्या तेवढा वेळ झाला, त्याच्या दुप्पट झाला. ती म्हणाली, "चल."

पायवाट अरुंद. शेजारी शेजारी चालायचं तर खांद्याला खांदा लागला असता, म्हणून ती पुढे आणि मी काही पावलं मागे. बर्फात स्कीच्या दोन सरळ रेघा, बाजूला काठ्यांची भोकं आणि पुढे कुत्र्यांच्या पंजांचा सडा. रेघा इतक्या सरळ होत्या की मी पट्टी लावूनही तशा काढल्या नसत्या. एका ठिकाणी कडेला पिवळा डाग पाहून ती थांबली. "हे काय?"

"थोरला."

ती हसली. मास्कमुळे दिसलं नाही, पण खांदे हलले. 

मेंढ्यांच्या शेतापाशी रेघा अचानक कुंपणाकडे वळल्या होत्या. तिथला बर्फ पार तुडवलेला, खालचा चिखल वर आलेला. काटेरी तारेला लोकरीचा झुबका. आणि मधोमध माणसाच्या आकाराचा खळगा. ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"डाव्या कुशीवर पडल्यात," ती म्हणाली. "हा खांदा. ही कंबर." तिने हाताने बर्फ बाजूला करून पाहिला. "रक्त नाही."

कुंपणापलीकडे मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा होऊन उभ्या होत्या. सगळ्या धडधाकट. तिथून रेघा पुन्हा वाटेवर आल्या होत्या, पण आता डावी रेघ पुसट होती आणि काठ्यांची भोकं खोल आणि जवळजवळ.

"डाव्या पायावर भार टाकत नाहीयेत," असं म्हणून ती धावायला लागली. तिला धावताना मी लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

पुलाच्या अलीकडे कालव्याचे जुने दगडी बांध आहेत. त्यातल्या एकावर बाई बसल्या होत्या. कुत्रे झाडाला बांधलेले, स्की बर्फात उभे रोवलेले. आम्हाला पाहून त्यांनी हात हलवला.

"मेंढ्या होत्या," त्या म्हणाल्या. "पण मी पट्टा काढला नाही."

त्यांचा डावा गुडघा पँटवरूनही सुजलेला दिसत होता. बायको त्यांच्यापासून आठ-दहा हातांवर येऊन थांबली. थांबली म्हणजे तिचे पाय तिथेच अडकले.

"तू बघ," ती मला म्हणाली. "मी सांगते तसं कर. वाटीच्या खाली दाब. हळू. आता दोन्ही बाजूंनी. त्यांना पाय सरळ उचलायला सांग."

मी दाबलं. माझी बोटं गारठलेली होती. बाईंनी श्वास आत ओढला. पाय त्यांनी उचलला, थोडा, पण उचलला.

"मोडलेलं नाही बहुतेक," बायको लांबूनच म्हणाली. "उभं कर त्यांना."

मी बाईंच्या काखेत हात घालून उचलायला गेलो आणि मोठ्या बुटांमुळे घसरलो. आम्ही दोघं परत दगडावर. दुसऱ्यांदाही तेच. बाई आता कापायला लागल्या होत्या, ओठांचा रंग गेला होता. मी मागे वळून पाहिलं. बायको तिथेच उभी होती. खिशातून सॅनिटायझर काढून ती हाताला चोळत होती. चोळून झालं, पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. मग मास्क नाकावर घट्ट दाबला आणि पुढे आली.

"बाजूला हो."

तिने दुसरा मास्क बाईंच्या तोंडावर बांधला, त्यांचा हात आपल्या मानेभोवती घेतला, कंबर धरली आणि एका झटक्यात त्यांना उभं केलं. हे तिचं रोजचं काम होतं, ते मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुमचे हात गरम आहेत," बाई तिला म्हणाल्या.

"बोलू नका. चाला."

परतीला खूप वेळ लागला. त्या दोघी पुढे, मी खांद्यावर स्की आणि कमरेला कुत्रे घेऊन मागे. कुत्रे शहाण्यासारखे चालले असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी मला दोनदा पाडलं.

पुढचे दोन आठवडे बायको रोज संध्याकाळी बाईंना फोन करून ताप विचारायची. तिला स्वतःला लसीचा पहिला डोस मिळाला होता, बाईंना अजून मिळायचा होता. फोनवर एकच उत्तर यायचं, ते मला भिंतीपलीकडूनही ऐकू यायचं, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त'. आणि त्या खरंच ग्रँड होत्या. ताप आला नाही, खोकला आला नाही. फक्त गुडघा बरा व्हायला वसंत ऋतू उजाडला. उन्हाळ्यात विमानं सुरू झाल्यावर त्या फिनलंडला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच राहायचं ठरवून घर विकायला काढलं. बर्फ म्हणाल तर तो त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीच वितळून गेला होता.

त्याआधी फेब्रुवारीतच, दुसरा डोस झाल्यावर, बायको छोट्या खोलीतून खाली आली. एका सुट्टीच्या सकाळी ती स्वतःहून म्हणाली, "धाकटीचा पट्टा मला दे." आम्ही नदीकाठी गेलो. पाऊस पडून गेलेला, वाट चिखलाची. धाकटी तिला ओढत होती आणि ती सांगितल्याशिवायच मागे झुकून चालत होती. मेंढ्यांचं शेत मागे पडल्यावर, समोर बघत, ती एका पेशंटबद्दल सांगायला लागली. लॉरी चालवणारा माणूस होता, माझ्याच वयाचा. आधी त्याच्याबद्दल बोलली, मग त्याच्या शेजारच्या पलंगावरच्या बाईबद्दल, मग आणखी एकाबद्दल.  पूल आला, तेव्हा ती थांबली नाही, म्हणून मीही थांबलो नाही. आम्ही पुढच्या गावाच्या दिशेने चालत राहिलो.