मूलच्या मुक्कामात बाबांचं जेवण

बाबांना बल्लारशा बघायचं होतं, आणि मला बाबांना पोटभर जेवताना बघायचं होतं. आमची सहल ठरली ती एवढ्यावरच.

बाबांची सगळी नोकरी बल्लारशाला रेल्वेत गेली. मीही तिथेच वाढले. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेले, मराठी बोलणारे ज्यू. आख्ख्या बल्लारशात आमचं घर एकटंच. ‘तुम्ही मुसलमान का ख्रिश्चन?’ या प्रश्नाला उत्तरं देता देता माझी शाळा संपली, आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. बाबांचं कधी फिरलं नाही. शनिवार पाळायचा, कोशेर पाळायचं आणि कोणाशी वाद घालायचा नाही, एवढंच त्यांचं. रिटायर झाल्यावर ते ठाण्याला आमच्याकडे आले. मग आई गेली, आणि तिच्यामागोमाग बाबांची आठवणही हळूहळू जायला लागली.

कोशेर म्हणजे काय, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले आहे, तर इथेही सांगते. मटण आमच्या रीतीने कापलेलं हवं. मासा खवल्यांचा हवा. आणि दूध नि मटण यांची गाठ पडता कामा नये; दोघांची भांडी वेगळी, आणि पोटातसुद्धा गाठ नाही. मटण किंवा कोंबडी खाल्ली की पुढचे काही तास दूध नाही, दही नाही, चहा घ्यायचा तर कोरा.

आता गंमत बघा. बाबा नियम विसरले नाहीत, जेवण विसरायला लागले. दुपारी वरणभात जेवून उठायचे आणि जरा वेळाने दुधाचा कप पुढे केला की विचारायचे, “दुपारी मटण होतं ना गं?”

“नव्हतं, बाबा.”

“असेल. राहू दे.”

संध्याकाळी कोंबडी वाढली तर, “मघाशी दूध घेतलं का मी? राहू दे.” दिवसभर आपलं राहू दे, राहू दे. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. गालफडं बसली. मी ओरडायचे, मग रडायचे, मग पुन्हा ओरडायचे. त्याने त्यांच्या पोटात घासभरही जास्त जात नव्हतं.

भाऊ इस्रायलला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, “आजारी माणसाला सगळं माफ असतं. त्यांना न सांगता काहीही भरव.” मी म्हटलं, “तू ये आणि तूच भरव,” आणि फोन आपटला. देव करेलही माफ. पण ज्या माणसाने उभ्या जन्मात एक नियम मोडला नाही, त्याचा तो नियम मी त्याच्या नकळत मोडायचा? माझ्याच्याने नाही होणार ते.

म्हणून चार दिवसांच्या सहलीसाठी मी डोकं लढवलं. मटण न्यायचंच नाही! चारही दिवस भात, डाळ, भाज्या, अंडी, दूध, दही. मटणच नसेल तर शंका येईल कुठून? शिवाय भांडीही एकाच जातीची न्यावी लागतील. मी इतकी खूश झाले की नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. तो म्हणाला, “शुक्रवारी मटण नाही म्हटल्यावर सासरेबुवा मला गाडीतून खाली उतरवतील.” आमच्याकडे शुक्रवारी रात्री, शनिवार लागताना, मटण असतंच; पण त्याला थट्टाच सुचत होती. पातेली, कढई, तवा, पळ्या, सुऱ्या, सगळं पोत्यात भरून आम्ही निघालो, तर शेजारच्या बर्थवरची बाई विचारते, “लग्नाला का हो?”

बल्लारशापासून जवळच, मूल गावाच्या पुढे, जिथे धानाची शेतं संपून जंगल लागतं, तिथे एक घर भाड्याने घेतलं होतं. घर सांभाळणारी बाई गावातलीच, माझ्याच वयाची. तिने आमच्यासाठी वांगी आणि झिंगे, म्हणजे कोळंबी, रांधून ठेवले होते. दारातूनच वास आला. लहानपणी शेजारपाजारच्या घरांतून हाच वास यायचा आणि मी नाक दाबून, तोंडाला पाणी सुटलेली, घरी पळायचे. झिंग्याला कुठले आलेत खवले!

“बाई, आमाले नाई चालत,” मी म्हटलं. तिच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप बल्लारशाची झाली.

तिचा चेहरा पडला. “काऊन ताई? आमच्या हातचं चालत नाई का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ एकच होतो आणि तो तिलाही ठाऊक, मलाही. “अवो तसं नाई बाई,” मी तिचा हातच धरला, “हातचं काई नाई. झिंगे नाई चालत आमच्या देवाले. अन् भांडे बी वेगळे लागते.”

“मंग कोनता देव व्हय तुमचा, झिंग्यावर रुसते तो?”

मी हसले, ती हसली नाही. पण भांडं उचलून घरी घेऊन गेली आणि येताना शेतातली लाखोरीची कोवळी पालेभाजी, वांगी आणि अंडी घेऊन आली. “हे तर कच्चं हाय. हे चालते ना?” म्हणाली. मी म्हटलं, चालते. स्वयंपाक मी माझ्या भांड्यांत केला आणि ती उंबऱ्यात बसून बघत राहिली. एवढ्या लांब येऊन मी एका भल्या बाईला दुखावलं, आणि तिला समजेल असं एक वाक्यही मला जुळवता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाबांना बल्लारशाला नेलं. काय सांगू! फलाटावर ते असे काही ताठ चालायला लागले की मी मागे पडले. “इथे केबिन होती. इथे पाण्याचा नळ. तिकडे तुझी शाळा.” सगळं बरोबर. माझं नाव घेऊन हाक मारली, ठाण्यात महिनोन् महिने मारली नव्हती. मी येताना गाडीत नवऱ्याला म्हटलं, बघ, माणूस बरा होतोय.

घरी आल्याबरोबर पदर खोचला. शनिवारी आम्ही चूल पेटवत नाही, म्हणून सूर्य मावळायच्या आत दुसऱ्या दिवसाचंही रांधून ठेवायचं होतं. दिवा लावला, मनुकांच्या शरबतावर प्रार्थना झाली, बाबांनी ती घडाघडा म्हटली. ताटात दहीभात वाढला, त्यांचा आवडता, वर आल्याची फोडणी. बाबांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आज शुक्रवार ना?”

“हो, बाबा.”

“मग दही कसं चालेल? मटण झालं ना मघाशी.”

“नाही झालं, बाबा. मटण आणलेलंच नाही.”

“शुक्रवार आणि मटण नाही?” बाबा समजुतीने हसले. “काहीतरीच तुझं. तू विसरलीस.”

कपाळ माझं! चार दिवसांत मटणाचा तुकडा नको म्हणून मी एवढा घाट घातला, आणि शुक्रवार आहे म्हणजे मटण झालंच असणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चार वेळा समजावलं. पाचव्यांदा आवाज चढला. नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला. बाबा पाणी पिऊन झोपले.

शनिवारी दुपारी मी दही-दूध सगळं बाजूला केलं. भात, लाखोरीची भाजी, उकडलेली अंडी. यात ना दूध, ना मटण. मागे काय खाल्लं याच्याशी याचा काही संबंधच नाही. आता बघूच कसे नाही म्हणतात. ताट घेऊन मी पडवीत गेले. बाबा खुर्चीत बसले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. बाबा, माझ्यासाठी, उठून उभे राहिले.

“बसा ना बाई,” ते म्हणाले. “तुम्ही कशाला त्रास घेतलात?”

“जेवायचं ना, बाबा?”

त्यांनी हात जोडले. “राग मानू नका हं. आम्ही बाहेरचं खात नाही. तुमच्या हातात काही कमी नाही, आमचा नियमच आहे तसा.”

हे वाक्य मी बल्लारशाच्या कितीतरी लग्नांत, बारशांत, बाबांचं बोट धरून ऐकलं होतं. इतक्या अदबीने म्हणायचे की यजमानाला राग यायची सोयच नसे. मलाही येईना. मी ताट मांडीवर घेऊन समोर बसले.

“मग तुम्ही जेवणार कधी?” मी विचारलं.

“माझी मुलगी येईल ना डबा घेऊन. तापट आहे जरा.” ते माझ्याकडे झुकून हळूच हसले. “पण तिच्या हातचं मी डोळे मिटून खातो. तिची कधी चूक व्हायची नाही.”

मी उठले. आत जाऊन ताटातलं सगळं डब्यात भरलं, मागच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घालून पुढच्या फाटकातून आत आले आणि लांबूनच ओरडले, “बाबा, उशीर झाला हो!”

“आलीस का गं!” बाबांचा चेहरा उजळला. माझं नाव घेतलं त्यांनी, पुरतं. मी डबा उघडला, ताट वाढलं, पुढे ठेवलं. त्यांनी हात धुतले, प्रार्थना म्हटली, आणि घास घेता घेता थांबले. इकडेतिकडे बघू लागले.

“काय झालं, बाबा?”

“त्या बाई कुठे गेल्या? आधी त्यांना वाढ. बिचाऱ्या कधीच्या माझ्यापाशी बसल्या होत्या, उपाशीच.”

“गेल्या त्या, बाबा. तुम्ही जेवा.”

“अशा कशा गेल्या? जा, हाक मार त्यांना.”

मी फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं. परत आले आणि म्हटलं, नाही सापडल्या. बाबांनी ताट थोडं पुढे सारलं, हात मांडीवर ठेवले, आणि त्या बाई येईपर्यंत घासाला शिवायचं नाही म्हणून वाट बघत बसून राहिले.