कलीमला कुणी धरायचं नाही

वरवट बकालच्या बाजारात सायराच्या बांगड्यांच्या गाड्यावर बायका जरा दबकूनच हात पुढे करतात. हात ताठ ठेवला की ती खेकसते. पण तिचा खरा राग गावानं पाहिला तो तिच्या धाकट्या भावाच्या, कलीमच्या, खांद्यापायी.

कलीम गाद्या भरतो. लहानपणापासून त्याला फिट येते. आईबाप गेल्यावर सायरानंच त्याला सांभाळलं. गेल्या उन्हाळ्यात लग्नसराईची कामं साठली, गोळी चुकली आणि भर बाजारात, तुळशीरामच्या चहाच्या हॉटेलासमोर, तो कोसळला.

तुळशीराम जुना पहिलवान. कुणाच्याही अडीअडचणीला आधी धावणार तो. तसाच धावला. झटके थांबावेत म्हणून त्यानं कलीमच्या खांद्यावर गुडघा रोवला आणि त्याचे हात जमिनीशी दाबले. दोघे जण पायांवर बसले. एकानं नाकाला चप्पल लावली, एकानं दातांत चमचा कोंबला. सायरा गर्दी फोडून आत पोचली तेव्हा कलीम निपचित पडला होता. तोंडात रक्त, आणि उजवा खांदा खोबणीतून निखळलेला.

खामगावला डॉक्टर धम्मशीलाबाईंनी खांदा बसवला. मग त्यांनी विचारलं, "याला रिस्ट्रेन कुणी केलं?"

"म्हंजे काय हो म्याडम?"

"झटके चालू असताना दाबून ठेवलं का?"

"लोकायनं धरलं होतं."

"धरणं वेगळं, बाई. त्याला होल्ड म्हणतात. लेकराला धरतो, म्हाताऱ्याचा हात धरतो, तसं. रिस्ट्रेन म्हणजे आवळणं, जोर लावून हलूच न देणं. पोलीस चोराला करतात तसं. फिटमध्ये अंग स्वतःच ओढ घेत असतं. वरून दाबलं की सांधा जातो."

चोराला करतात तसं! एसटीत खिडकीला टेकून झोपलेल्या कलीमकडे बघत सायरा तेवढंच घोळवत राहिली. गाडीतून उतरली ती भावाला घरी सोडून थेट हॉटेलात.

"तुळशीरामभाऊ, माह्या भावानं चोरी केली होती का?"

"काय बोलून राह्यली, बाई? म्या तं धरलं त्याले. डोकं आपटून मेला असता थो."

"धरलं नाही, आवळलं! चोराले आवळतात तसं! त्याचा हात निखळला तुमच्या जोरानं!"

"भलं करायले गेलं तं हे असं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

तिला सगळ्यात जास्त हेच झोंबलं. शिवी द्यावी तर माणूस वाईट नाही. सोडून द्यावं तर भावाचा हात वर होत नाही. असा राग कुठे नेऊन ओतायचा? ती बाकावर मूठ आपटून ओरडली, "आजपासून कलीमले कोणी हात लावायचा नाही! समजलं?"

समजलं सगळ्यांना. जरा जास्तच समजलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कलीम पुन्हा तिथंच पडला. कुणी जागचं हललं नाही. एकानं मोबाइल काढला. भाजीवाल्या विमलबाईनं धावत जाऊन सायराला आणलं, तोवर उलटी होऊन कलीम उताणाच गुदमरत होता. सायरानं त्याला कुशीवर वळवलं, तोंड मोकळं केलं. घरघर थांबली, श्वास चालू झाला. थोड्या वेळानं विमलबाईनं त्याला बाकावर बसवलं, आणि सायरा उठून उभी राहिली.

"तमाशा होता काय? काऊन उभे राह्यले सगळे?"

"तूच म्हणलं ना, हात लावायचा नाही म्हणून," तुळशीराम म्हणाला.

सायरानं हॉटेलाच्या फरशीकडे बोट केलं.

"झोपा."

"काय?"

"इथं. खाली झोपा."

तुळशीरामनं भोवती पाहिलं. हॉटेलातली सगळी माणसं त्याच्याकडेच बघत होती. त्यानं खांद्यावरचा रुमाल उतरवला आणि खरंच आडवा झाला. सायरा गुडघ्यांवर बसली. त्याचा पाय दुमडून, खांद्याला आणि कमरेला हात लावून तिनं तो धिप्पाड देह कुशीवर केला. आपल्या ओढणीची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली.

"असं. आधी डोक्याखाली मऊ. झटके येऊ द्यायचे, दाबायचं नाही. मंग कुशीवर घ्यायचं. तोंडात काही घालायचं नाही, चप्पल तं बिलकूल नाही. जवळ बसून राह्यचं. झटके थांबलेच नाही तं गाडी बोलवायची." तिचा आवाज चिरकत होता. "याले म्हणतात धरणं. आलं का ध्यानात?"

तुळशीराम पडल्या पडल्या म्हणाला, "माह्याच गुडघ्यानं गेला का खांदा?"

"हाव."

त्याला बरं वाटावं म्हणून पुढे काही बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. तो बराच वेळ उठला नाही.

त्यानंतर कलीमला दोनदा फिट आली. दोन्ही वेळा हॉटेलातल्यांनी त्याला नीट कुशीवर घेतलं, तुळशीराम उशाशी बसून राहिला. सायरा त्याच्याशी कामापुरतं बोलते. खांदा अजून अधूनमधून सरकतो. कापूस दाबून भरायचं काम कलीमला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. तो नुसती खोळ शिवतो. त्याच्या सुईकडे नजर गेली की तिचं डोकं पुन्हा तापतं.

परवा कलीम दबकत म्हणाला, "आपा, होश आया के पैले तेरा चिल्लानाच सुनाई देता. डर लगता."

"तो क्या लोरी गाऊं?" ती खेकसली. बाहेर येऊन तिनं गाडा इतक्या जोरात ढकलला, की काचेच्या बांगड्या बाजारापर्यंत वाजत गेल्या.