डावं बोट पुढे करा

निवडणुकीची ड्युटी लागली की भोरच्या आमच्या शाळेत सगळ्यात मोठ्यानं कुरकुर मीच करते. पण परत आले की मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आत सगळा स्टाफ माझ्याभोवती! "हं बाई, या वेळी काय झालं?" आता इतके किस्से साठलेत की कुठला कुठल्या निवडणुकीतला, यात माझाच घोळ होतो. माझं काम मात्र ठरलेलं: मतदाराच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची.

* * *

पासली गावाला एका आजोबांनी उजवा हात पुढे केला. मी म्हटलं, "आजोबा, डावा."

"डावा? चांगल्या कामाला?"

"नियम आहे हो तसा. बटण हवं तर उजव्यानं दाबा."

आजोबांनी डावं बोट दिलं, पण तोंड वाकडं करूनच. "म्हंजी दान उजव्या हातानं, आन् डाग डाव्याला! बरं हाय सरकारचं!"

* * *

भोर गावात तर वेगळीच तऱ्हा. निवृत्त साहेब, कडक इस्त्रीचा शर्ट. यादीत बघतात तर नीळकंठचा 'नि' ऱ्हस्व! "आधी ही वेलांटी दुरुस्त करा. हा मी नव्हेच!"

मागे रांग तुंबली. आमचे केंद्राध्यक्ष हात जोडून दमले. शेवटी साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या सौ. म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिकेतही ऱ्हस्वच छापला होता. तेव्हा बरे आलात!"

साहेबांनी मुकाट्यानं सही केली.

* * *

सारोळ्याला एक ताई मशीनपाशी गेल्या त्या बाहेरच येईनात. केंद्राध्यक्षांनी लांबूनच विचारलं, "ताई, काही अडचण?"

"अडचण न्हाई वो, फोटू बघतीया. ह्यातला एकजण आमच्या नणंदेला बघायला आल्ता. पोहे खाऊन नकार कळवला मेल्यानं!"

"अहो, मोठ्यानं बोलू नका! बटण दाबा."

"दाबते की. पर त्याचं न्हाई!"

मशीन वाजलं. मतदान गुप्त असतं, हे त्यांना आम्ही नंतर सांगितलं.

* * *

तिथलेच एक काका मत देऊन माझ्या टेबलापाशी परत आले. "काचेत दिसली ती माजी चिठ्ठी आतच पडली. काढून द्या."

"ती मिळत नाही, काका. आतच राहते."

"मंग मत दिलं म्हणून घरी दावू काय? आमच्या मंडळींचा माज्यावर इस्वास न्हाई."

"बोट दाखवा की!"

काका हादरलेच. "तिला बोट दावू? बाई, मला संध्याकाळी जेवायचंय!"

* * *

आता वेल्ह्याकडचं सांगते. गावाचं नाव विचारू नका. ग्रामपंचायतीची निवडणूक आणि एकाच जागेला दोन सख्ख्या जावा समोरासमोर! दोघींच्या चुली वेगळ्या, सासू मात्र एकच, ठकूआजी. पंधरा दिवस थोरलीकडे, पंधरा दिवस धाकटीकडे. एकीला मत दिलं की दुसरीकडची भाकरी तुटली, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मला तर आजींची काळजीच वाटायला लागली.

आजी काठी टेकत आल्या. लगेच दोन्ही सुना पुढे. "आत्याबाईंना दिसत न्हाई, मी जाते सोबतीला!"

"तू कशाला? मी जाते!"

आजींनी काठी आपटली. "मला समदं दिसतंय. सकाळधरनं तुमी दोघी एकमेकीकडं कशा बघताय, त्ये बी दिसतंय!"

मी आजींच्या बोटाला शाई लावली. आजी एकट्याच आत गेल्या. मशीन वाजेपर्यंत दोन्ही सुना दारात श्वास रोखून उभ्या.

आजी बाहेर आल्या. थोरलीनं विचारलंच, "आत्याबाई, कुणाला?"

आजी दोघींकडे बघत म्हणाल्या, "जिनं काल माजं पाय दाबलं, तिचं बटान आज म्या दाबलं."

थोरली गालात हसली. धाकटीही गालात हसली. दोघींनी आजींना एकेका बाजूनं धरलं आणि जपून पायऱ्यांपर्यंत नेलं.

तिथं आजी थांबल्या, सुनांना म्हणाल्या, "व्हा तुमी फुडं," आणि वळून माझ्या टेबलापाशी आल्या. हळूच वाकून विचारलं, "बाई, ह्ये विलेक्शन पाच वर्सांनीच का वो? मधी एखादं न्हाई का बसवता येणार?"